रंगमंचावरचा प्याला आणि घरातला प्याला

माळव्यातील धार हे नगर भोजराजाच्या नावाने आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. ह्या नगरीत १९०३ साली, एका प्राचीन वास्तूत, काळ्या दगडाची एक मोठी शिळा उजेडात आली. धार संस्थानच्या शिक्षणखात्यातील अधिकारी काशिनाथ कृष्ण लेले ह्यांनी तिच्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले. शिळेवरील अक्षरे वाचून पाहता ते दानपत्र नव्हते, की एखाद्या देवालयाच्या बांधणीची हकीकत नव्हती. ते चक्क एक नाटक होते! राजगुरू मदन ह्याने रचलेल्या ‘पारिजातमंजरी’ ह्या नाटिकेचे चार अंकांपैकी पहिले दोन अंक त्या दगडावर कोरलेले होते. तेराव्या शतकाच्या आरंभी वसंतोत्सवाच्या प्रसंगी तिचा प्रयोग व्हावयाचा होता, असे तिच्या प्रस्तावनेवरून कळते.

ह्या नाटिकेचा नायक कोण? तर त्या वेळी धारेच्या गादीवर असलेला राजा अर्जुनवर्मा स्वतः! युद्ध जिंकून आलेल्या राजाच्या छातीवर आकाशातून पारिजाताच्या फुलांची माळ पडते आणि तिच्यातून एक सुंदर कन्या प्रकट होते, असे तिचे कथानक आहे. समोर आसनावर राजा बसलेला आणि रंगमंचावरही तोच राजा! खरा राजा आणि नाटकातला राजा ह्यांच्यात जे अंतर असेल, ते कवीने फुलांनी झाकून टाकले होते. आपले असे रूप पाहून कोणत्या राजाला आनंद होणार नाही?

परंतु वाचकहो, नाटकाचा दुसराही एक प्रकार आहे. त्यातही प्रेक्षक स्वतःलाच पाहतो; मात्र तेथे फुले नसतात. घरी जे आपण झाकून ठेवले, तेच दिव्यांच्या प्रकाशात समोर उभे राहते. मराठी रंगभूमीवर असे एक नाटक शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अवतरले आणि अजूनही ते जुने झालेले नाही. ते म्हणजे राम गणेश गडकरी ह्यांचे ‘एकच प्याला’.

एका नाटकाची दोन रूपे

गडकऱ्यांना हे नाटक रंगमंचावर पाहण्याचे भाग्य लाभले नाही. २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळच्या सावनेर येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे तेहेतीस वर्षांचे होते. त्यानंतर महिनाभरातच, फेब्रुवारीत, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. गडकऱ्यांच्या आजारपणामुळे नाटकातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर ह्यांनी रचून दिली. सिंधूची भूमिका बालगंधर्वांनी केली आणि सुधाकराची गणपतराव बोडस ह्यांनी.

कथा बहुतेकांना ठाऊक असेल. तरी थोडक्यात सांगतो. सुधाकर हा स्वकर्तृत्वाने वर आलेला, बुद्धिमान आणि तितकाच मानी वकील. कोर्टात झालेला अपमान त्याला सोसवत नाही. रागाच्या भरात तो बोलून जातो आणि त्याची सनद काही काळापुरती काढून घेतली जाते. मन जळत असताना त्याचा कारकून तळीराम त्याला सुचवितो, की दुःख विसरण्यापुरता एकच प्याला घ्यावा. त्या एका प्याल्यामागून घर जाते, अब्रू जाते. श्रीमंत बापाची लेक सिंधू लोकांची दळणे दळून मुलाचे पोट भरू लागते. अखेरीस दारूच्या धुंदीत सुधाकराच्या हातून त्याचे तान्हे मूल मरते, सिंधूही त्याच्याच हातच्या मारामुळे प्राणास मुकते आणि तो स्वतः विषाचा प्याला पिऊन जीवन संपवितो.

इतकी काळीज चिरणारी ही कथा. पण तिचा प्रयोग कसा होत असे, ते पाहा. एका प्रवेशात सिंधू उपाशी पोटी जात्यावर बसलेली असे, तर दुसऱ्या प्रवेशात तळीरामाच्या ‘आर्य मदिरा मंडळा’चे सभासद आपल्या अचाट कोट्यांनी सारे नाट्यगृह हसवून सोडीत. तळीराम मरणाला टेकलेला असतानाही त्याच्या उशाशी वैद्य आणि डॉक्टर ह्यांचे जे भांडण जुंपते, त्यानेदेखील लोक पोट धरून हसत. बालगंधर्वांच्या गाण्याची तर गोष्टच वेगळी. सिंधूच्या घरात अन्नाचा कण नसे. पण तिचा सूर असा काही लागे, की प्रेक्षक तिला तेच दुःख पुन्हा गावयास लावीत. दुःखाला ‘वन्स मोअर’ मिळे!

ह्यात प्रेक्षकांना दोष देण्याचा हेतू नाही. गाणे खरोखरच तसे होते आणि विनोदही तसाच होता. तथापि त्या एका रात्री, एकाच छपराखाली, दोन सत्ये एकमेकांवर आदळत असत. एक हसणारे सत्य आणि एक मरणारे सत्य. गडकऱ्यांनी ती मुद्दामच शेजारी शेजारी ठेवली असावीत, असे मानण्यास जागा आहे. कारण दारूचे खरे स्वरूप हेच आहे. गुत्त्यात जो हशा पिकतो, त्याची किंमत घरी चूल मोजते. फरक एवढाच, की जगात ही दोन दृश्ये एकाच वेळी कोणाला दिसत नाहीत. हसणारे मित्र घरापर्यंत येत नाहीत आणि घरची माणसे गुत्त्यापर्यंत जात नाहीत. नाटक मात्र दोन्ही दारे एकदम उघडते.

आता मराठी भाषेने ह्यातून काय उचलले, ते पाहण्यासारखे आहे. ‘तळीराम’ हा शब्द आपल्या बोलण्यात कायमचा रुजला. दारुड्याची बातमी द्यावयाची झाली, की वर्तमानपत्रे आजही ‘तळीराम’ म्हणून मोकळी होतात आणि वाचणारा गालांत हसतो. सुधाकराचे नाव मात्र असे कोणी वापरीत नाही. व्यसनातले जे हसण्याजोगे, ते आपण जिभेवर ठेवले. जे रडण्याजोगे, ते पडद्याआड राहू दिले.

माळव्याची दुसरी बाजू

धार इंदूरच्या पश्चिमेस, तर देवास इंदूरच्या ईशान्येस. दोन्हीकडे मराठ्यांच्या पवार घराण्याचे राज्य होते, आणि म्हणूनच माळव्याच्या त्या भागात मराठी भाषा व मराठी संगीत ह्यांनी घर केले. देवासची एक मौज अशी, की एकाच गावात दोन राजे नांदत. अठराव्या शतकात तुकोजी आणि जिवाजी ह्या दोन भावांनी तेथे अंमल बसविला, आणि पुढे थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली. गाव एक, देवीची टेकडी एक. परंतु दरबार दोन आणि कारभारही दोन. १९४८ साली ती मध्य भारतात विलीन होईपर्यंत हा प्रकार चालला. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर ह्यांनी १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे चिटणीस म्हणून काम केले होते. त्या दिवसांवर त्यांनी पुढे १९५३ साली एक पुस्तकच प्रसिद्ध केले.

व्यसन शिरलेल्या घराचे वर्णन करावयाचे झाल्यास देवासच्या ह्या जुन्या व्यवस्थेहून चांगला दाखला सापडणार नाही. भिंती त्याच, छप्पर तेच. पण आत दोन राज्ये. एका राज्यात ‘मी थोडीच घेतो’, ‘उद्यापासून सोडणार’, ‘माझ्या पैशांची पितो’ असे कायदे. दुसऱ्या राज्यात किराणावाल्याची उधारी, शाळेची थकलेली फी, आणि संध्याकाळी सायकलचा किंवा चपलांचा आवाज आला की गप्प होणारी मुले. दोन्ही राज्यांचे लोक एकाच ताटाभोवती बसतात आणि तरीही त्यांची भाषा एकमेकांना कळत नाही.

माळव्याला हा दुटप्पीपणा अपरिचित नव्हता. एकोणिसाव्या शतकात माळव्याच्या संस्थानी मुलखात पिकलेली अफू मुंबई बंदरातून चीनकडे जात असे. सावकार, दलाल, जहाजवाले आणि सरकार ह्या सर्वांना तिच्यापासून उत्पन्न होई. १९१३ साली चीनकडे जाणारा हा व्यापार थांबला. दरम्यान माळव्याच्या आणि राजपुतान्याच्या खेड्यांतून पाण्यात विरघळविलेली अफू, म्हणजे कसुंबा, पाहुण्यांपुढे मानाने ठेवली जाई. समेट असो, सोयरीक असो, कसुंब्यावाचून ती पुरी होत नसे. म्हणजे अफू अंगणात प्रतिष्ठेची आणि माजघरात नाशाची! लग्नाच्या मांडवात पाहुण्याच्या हाती पेला देताना आपणही हा कसुंबा आठवावा. मानाचे पान म्हणून जे पुढे केले, ते घेणाऱ्याच्या घरी कोणत्या नावाने ओळखले जाते, हे देणाऱ्याला ठाऊक नसते.

देवासशी आणखी एक मोठे नाव निगडित आहे. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे जन्मलेले पंडित कुमार गंधर्व क्षयाच्या दुखण्याने ग्रासले असता १९४८ साली हवापालटासाठी देवासला आले. गाणे बंद ठेवून त्यांनी तेथे अनेक वर्षे अंथरुणावर काढली, बरे झाल्यावर पुन्हा गावयास आरंभ केला आणि १९९२ साली तेथेच देह ठेवला. बालगंधर्वांची नाट्यपदे घेऊन त्यांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला, तो रसिकांच्या अजून स्मरणात आहे. बालगंधर्वांच्या पदांकडे त्यांनी केवळ गोड चालींचा संग्रह म्हणून पाहिले नाही. ती पुन्हा समजून घेतली. आपल्यालाही ते करता येण्यासारखे आहे. रेडिओवर सिंधूचे पद लागले असता आपण मान डोलावतो. पण ते पद नाटकात कोणाच्या तोंडी आहे, त्या वेळी घरात काय शिल्लक आहे आणि मांडीवरचे मूल कशासाठी रडते आहे, हे आठवून ते ऐकले, तर त्याच सुरांचा अर्थ वेगळा लागेल.

लंडनमधील एक प्रयोग

व्यसनाच्या प्रश्नावर नाटके अजूनही लिहिली जातात. लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये २०१५ साली डंकन मॅकमिलन ह्या लेखकाचे ‘पीपल, प्लेसेस अँड थिंग्ज’ हे नाटक झाले. त्याची नायिका एमा ही स्वतःच एक नटी आहे. नाटकाच्या आरंभी ती चेकॉव्हच्या एका नाटकात काम करीत असता रंगमंचावरच तिचा तोल सुटतो. आपण कोणत्या भूमिकेत आहोत, ह्याचेही तिला भान राहत नाही. पुढे ती व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होते, तीही खोटे नाव सांगून.

ह्या नाटकात काही युक्त्या मोठ्या अर्थपूर्ण आहेत. दारू आणि अमली पदार्थ एकाएकी बंद झाल्यामुळे एमाच्या शरीराची तगमग होते, तेव्हा रंगमंचावर तिच्यासारख्याच दिसणाऱ्या अनेक एमा एकाच वेळी वावरू लागतात. केंद्रातील डॉक्टरीणबाई, समुपदेशिका आणि एमाची आई ह्या तिन्ही भूमिका एकच नटी करते; म्हणजे मदतीचा हात पुढे झाला, तरी एमाला त्यात आईचाच चेहरा दिसतो. सर्वांत चटका लावणारा भाग शेवटचा आहे. घरी गेल्यावर आईवडिलांची क्षमा कशी मागावयाची, ह्याची केंद्रातील सोबती एकमेकांना तालीम देतात. तालमीत आईवडील झालेले सोबती जे बोलतात, ते घरचे खरे आईवडील बोलत नाहीत. त्यांनी अनेक वर्षे भोगलेले असते. एका क्षमायाचनेने ते पुसले जात नाही.

सुधाकर आणि एमा ह्यांच्यात शंभर वर्षांचे अंतर आहे, समुद्राचे अंतर आहे. तरी दोघांच्या कथेत एक धागा समान आहे. व्यसन सोडणे ही एक गोष्ट आणि सोडून परत आल्यावर जगात जागा मिळणे ही दुसरी. आपण विसरतो तो भाग असा, की सुधाकराने मध्यंतरी दारू सोडली होती. तो शुद्धीवर येऊन काम शोधावयास निघाला. ज्यांच्या पंक्तीला तो पूर्वी बसत असे, त्या प्रतिष्ठित मंडळींनी त्याची हेटाळणी करून त्याला परत पाठविले. त्याच वेळी दुसरे एक दार मात्र सताड उघडे होते. ते तळीरामाच्या मंडळाचे. तेथे त्याला कोणी नावे ठेवली नाहीत. पहिला प्याला तळीरामाने दिला हे खरे. पण दुसऱ्यांदा त्याच्या हाती प्याला देण्यात सभ्य म्हणविणाऱ्यांचाही हात लागला.

सिंधूची खोटी जबानी

आता आपण ‘एकच प्याला’च्या अखेरच्या भागाकडे वळू. सिंधू मरणशय्येवर आहे. पोलिस जबानी घेण्यास आले आहेत. ज्या सिंधूने आयुष्यात असत्याचा आश्रय केला नाही, ती नवऱ्याला वाचविण्यासाठी खोटे सांगते. सुधाकराच्या माराने हे झाले, हे सत्य ती आपल्याबरोबर घेऊन जाते. ह्या प्रसंगाने प्रेक्षकांच्या कित्येक पिढ्या रडल्या. स्त्रीने असे असावे, असेही अनेकांना वाटले असेल.

आज मात्र थांबून विचार करावयास हवा. सिंधूच्या प्रेमाविषयी शंका नाही. परंतु तिच्या ह्या मौनाचा आरंभ मरणशय्येवर झालेला नव्हता. माहेरच्या मदतीला नकार देऊन ती आपले हाल झाकीत आली होती. प्रत्येक झाकणीने घरची अब्रू एक दिवस टिकली आणि रोग एक दिवस वाढला. आपल्या गावांतही हेच चालत नाही काय? ‘त्यांना ताप आहे’ असा कामावर पाठविलेला निरोप, डोळ्यांखालच्या काळ्या डागाबद्दल ‘न्हाणीघरात पाय घसरला’ हे शेजारणीला दिलेले उत्तर, मुलांना ‘बाहेर कोणाला सांगू नका’ ही ताकीद, ह्या सर्व सिंधूच्याच जबान्या आहेत. रंगमंचावर त्यांना टाळ्या मिळतात. घरात त्यांचे फळ मुलांच्या वाट्याला येते.

गडकऱ्यांच्या काळी दारूडा हा मोहात पडलेला मनुष्य मानला जाई. शपथ घातली की तो सुटेल, अशी समजूत होती. त्यानंतर ज्ञान पुष्कळ पुढे गेले आहे. अमेरिकेतील वैद्यांच्या राष्ट्रीय संघटनेने १९५६ साली अतिमद्यपान हा आजार असल्याचे मान्य केले. वर्षानुवर्षे पिणाऱ्याचे शरीर दारूला इतके सरावते, की ती एकाएकी थांबविल्यास हातपाय कापणे, झोप उडणे, नसलेली माणसे दिसणे, झटके येणे असे प्रकार होतात आणि प्रसंगी जीवही धोक्यात येतो. म्हणून अशा माणसाला खोलीत कोंडून दारू तोडावी हा उपाय नव्हे. त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ठेविले पाहिजे. त्यानंतरचे काम मनाचे, आणि ते अधिक लांब पल्ल्याचे असते.

ह्या कामी एक साधा मार्ग फार उपयोगी ठरला. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब स्मिथ हे दोन दारूडे एकमेकांशी खरे बोलले आणि त्यांतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही मंडळी निर्माण झाली. सभेत उठून प्रत्येकाने आपली हकीकत जशीच्या तशी सांगावयाची, एवढाच तिचा पाया. घरच्या माणसांनाही दुखणे असते, हे ओळखून १९५१ साली त्यांच्यासाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ सुरू झाले. पुण्यात डॉक्टर अनिता अवचट आणि अनिल अवचट ह्यांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र उभे केले, पु. ल. देशपांडे व सुनीताबाई ह्यांचा त्याला आधार होता. तेथे बरे झालेले रुग्णच पुढे नव्यांना हात देतात. आर्य मदिरा मंडळाच्या नेमके उलट असे हे मंडळ! तेथेही माणसे एकत्र बसतात, तेथेही कोणी कोणाला नावे ठेवीत नाही. मात्र मध्ये प्याला नसतो आणि खोटे चालत नाही.

पडदा पडल्यानंतर

गावच्या सणाला नाटक बसविताना दारूड्याचे पात्र हमखास असते. तो झोकांड्या खात येतो, जिभेला आठ्या घालीत बोलतो, आणि मंडपभर हशा पिकतो. तो प्रवेश जरूर ठेवावा. गडकऱ्यांनीही ठेवला होता. परंतु त्याच्यामागून एक दुसरा प्रवेशही असू द्यावा. तोच माणूस घरी पोहोचतो, दाराची कडी वाजते आणि आतली माणसे उठून बसतात. हसणाऱ्या मंडपात कोठेतरी एखादी बाई आणि तिची मुले हसत नसतील, ह्याची जाणीव नाटक बसविणाऱ्याने आणि पाहणाऱ्यानेही ठेवावी.

धारच्या त्या शिळेवर दोनच अंक उरले आहेत. पुढच्या दोन अंकांत काय होते, ते शिळेवरून कळत नाही. व्यसनात सापडलेल्या आपल्या शेजाऱ्याच्या घरीही अजून सगळे अंक संपलेले नसतात. सिंधूच्या जागी असलेल्या बाईने एकदा तरी खरी जबानी द्यावी, मग ती आईवडिलांपाशी असो, डॉक्टरांपाशी असो, की विश्वासातल्या शेजारणीपाशी. आणि ज्याने आज सोडली आहे, तो उद्या काम मागावयास दारी आला, तर त्याला उभे करून घ्यावे. त्याचे जुने दिवस आठवून हसू नये. त्याच्या हाती काम द्यावे आणि समोर एक कप चहा ठेवावा. गडकऱ्यांच्या नाटकात सुधाकराला एवढेही कोणी दिले नव्हते.